पडदा, वर्गणी आणि प्रेक्षक : हेग्गोडूच्या चित्रसमाजाच्या निमित्ताने

महाविद्यालयीन नियतकालिकात चित्रपट हा विषय आला की तो बहुधा नटनट्यांच्या किंवा गाण्यांच्या अंगाने येतो. प्रस्तुत लेखात मी त्याच्याकडे निराळ्या बाजूने पाहणार आहे. ज्या चित्रपटाला बाजारात मागणी नाही, जो परक्या भाषेत आहे, ज्यात ओळखीचा एकही चेहरा नाही, असा चित्रपट लहान गावात नियमाने कसा दाखवता येतो? तो कोण पाहतो? आणि त्याचा खर्च कोण सोसतो? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे यातला तिसरा प्रश्न मला आधी सुचावा हे साहजिक आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की पहिल्या दोन प्रश्नांचा उलगडाही आपोआप होऊ लागतो, असा माझा अनुभव आहे.

१. फिल्म सोसायटी म्हणजे काय?

सिनेमागृह आणि फिल्म सोसायटी यांत मूलभूत फरक आहे. सिनेमागृहाचा मालक तिकीट विकतो. फिल्म सोसायटी तिकीट विकत नाही. ती सभासद करून घेते, त्यांच्याकडून वर्गणी घेते आणि सभासदांनाच चित्रपट दाखवते. या प्रकारच्या संस्थांचा आद्य नमुना म्हणजे १९२५ साली लंडनमध्ये सुरू झालेली 'फिल्म सोसायटी'. व्यापारी सिनेमागृहे जे चित्रपट लावत नव्हती किंवा सेन्सॉरमुळे जे लावता येत नव्हते, ते सभासदांना दाखवणे हा तिचा उद्देश होता. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' लंडनच्या रसिकांनी १९२९ साली पाहिला तो या सोसायटीच्या खेळातच.

आपल्या देशात या चळवळीला खरा जोर आला तो १९४७ पासून. त्या वर्षी सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. तिने पहिला चित्रपट दाखवला तो 'पोटेमकिन'च. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि इटलीचा 'बायसिकल थीव्ज', जपानचा 'राशोमोन' असे चित्रपट येथील प्रेक्षकांना पाहायला मिळाले. १९५९ साली निरनिराळ्या शहरांतील सोसायट्यांचा महासंघ झाला. त्याचे अध्यक्षपद राय यांच्याकडे होते आणि त्याच्या उभारणीत विजया मुळे या मराठी विदुषीचा मोठा वाटा होता. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या 'प्रभात चित्र मंडळा'ने हीच परंपरा मराठी मध्यमवर्गात रुजवली.

परदेशी चित्रपट पाहणे म्हणजे शहरी लोकांची चैन, असा एक समज आहे. त्याला उत्तर म्हणून दोनच गोष्टी सांगतो. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली ती मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक परदेशी चित्रपट पाहून. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. आणि सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनच्या मुक्कामात 'बायसिकल थीव्ज' पाहिला. त्यानंतर पाच वर्षांनी 'पथेर पांचाली' आला. बाहेरचे पाहिल्याने आपले स्वत्व जाते असे नाही. पुष्कळदा आपले काय आहे ते दिसू लागते.

२. सुपारीच्या बागेतला चित्रसमाज

वरील सर्व उदाहरणे महानगरांतील आहेत. कलकत्ता, मुंबई, दिल्ली येथे वकिलाती होत्या, परदेशी सांस्कृतिक केंद्रे होती, इंग्रजी जाणणारा वर्ग होता. खेड्यात यातले काहीच नसते. म्हणूनच हेग्गोडूचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. आणि ते आपल्याच राज्यातले, हुबळी-हावेरीच्या पलीकडचे आहे.

हेग्गोडू हे शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर तालुक्यातले मलनाडातील एक लहान खेडे. भोवती सुपारीच्या बागा. येथे १९४९ साली गावकऱ्यांनी 'नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ' ही हौशी नाटकमंडळी स्थापन केली. कन्नडमधील आद्याक्षरे घेऊन तिला 'नीनासम' म्हणू लागले. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे सूत्रधार. म्हैसूरला शिक्षण घेऊन ते गावी परतले, घरची सुपारीची शेती सांभाळली आणि जन्मभर हेग्गोडूतच राहिले. १९७२ साली गावात शिवराम कारंथ यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. नाटकाला हक्काची जागा मिळाली, आणि पाठोपाठ १९७३ साली 'नीनासम चित्रसमाज' ही फिल्म सोसायटी सुरू झाली.

या चित्रसमाजाने कुरोसावा, बर्गमन, सत्यजित राय यांचे चित्रपट दाखवले ते बागायतदारांना, मजुरांना, शाळामास्तरांना, गृहिणींना. चित्रपटाचा रसास्वाद कसा घ्यावा याची शिबिरे तेथे कन्नडमध्ये भरली, आणि कन्नडमध्ये चित्रपटविषयक पुस्तकेही निघाली. पुढे १९८० च्या दशकात 'जनस्पंदन' या उपक्रमाने हेच काम कर्नाटकातील इतर खेड्यांत नेले. १९९१ साली सुब्बण्णांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली ते निवर्तले.

या हकिकतीतील एक क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे आधी नाटकमंडळी होती, मग रंगमंदिर झाले आणि त्यानंतर परदेशी चित्रपट आला. म्हणजे एकत्र जमण्याची, बसण्याची आणि नंतर त्यावर बोलण्याची सवय लोकांना आधीपासून होती. चित्रसमाजाने ती सवय निर्माण केली नाही, तिचा उपयोग करून घेतला. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हे त्या संस्थेचे न दिसणारे भांडवल होते. ते कोणत्याही ताळेबंदात दाखवता येत नाही, पण त्याच्यावाचून बाकीचे सर्व भांडवल निरुपयोगी ठरते.

३. खर्चाचे गणित

आता पैशाकडे वळू. त्या काळी खेड्यात चित्रपट नेणे शक्य झाले याचे एक तांत्रिक कारण होते, ते म्हणजे १६ मिलिमीटरची फीत. सिनेमागृहात वापरली जाणारी फीत ३५ मिलिमीटरची असे. तिच्या एका फुटात १६ चित्रे मावतात, तर १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४०. दर सेकंदाला २४ चित्रे पुढे सरकतात, या हिशेबाने दीड तासाच्या चित्रपटाला ३५ मिलिमीटरची ८,१०० फूट फीत लागते, आणि १६ मिलिमीटरची फक्त ३,२४०. ही फीत अरुंदही असल्याने वजनात तर फारच फरक पडे. दोन-तीन रिळे आणि हातात उचलून नेण्याजोगा प्रोजेक्टर घेऊन माणूस एस.टी.ने प्रवास करू शके. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सोसायट्यांना अशा फिती पुरवीत असे. काही वकिलातींकडूनही त्या मिळत.

परंतु वाहतूक स्वस्त झाली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. कोणत्याही खेळाचा खर्च मुख्यतः स्थिर स्वरूपाचा असतो. सभागृहात १० माणसे बसली काय किंवा २०० बसली काय, खर्च तोच. आजच्या काळात आपण असा उपक्रम सुरू केला, तर एका खेळाचा खर्च कसा मांडावा याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, सभागृहाचे भाडे १,५०० रुपये, प्रोजेक्टर व ध्वनियंत्रणा २,०००, चित्रपटाचे प्रदर्शनशुल्क ३,०००, पत्रके ५०० आणि बाहेरून येणाऱ्या वक्त्याचा प्रवासखर्च १,०००. एकूण झाले ८,००० रुपये. वर्षाच्या १२ खेळांचे ९६,०००.

हा खर्च तिकिटाने भागवायचा ठरवले तर ८० रुपये दराने प्रत्येक खेळाला १०० प्रेक्षक हवेत. हा आपला ना नफा ना तोटा बिंदू. एखाद्या पावसाळी संध्याकाळी ४० माणसे आली, की ३,२०० रुपये जमा आणि ४,८०० रुपये तोटा. असे दोन-तीन खेळ झाले की चालक घाबरतात. मग कठीण चित्रपटाऐवजी सर्वांना आवडेल असा चित्रपट निवडतात. आणि सर्वांना आवडेल असा चित्रपट सिनेमागृहात लागलेलाच असतो. तेव्हा लोकांनी आपल्याकडे का यावे? या मार्गाने गेलेला उपक्रम पैशाअभावी बंद पडला असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याचे प्रयोजनच आधी संपलेले असते.

हाच खर्च वर्गणीने भागवून पाहू. २०० सभासदांनी वर्षाला ४८० रुपये दिले तर ९६,००० रुपये पहिला खेळ होण्यापूर्वीच जमतात. एका चित्रपटाला माणशी ४० रुपये पडले. विद्यार्थ्यांना सवलत द्यायची तर १२० विद्यार्थ्यांकडून ३०० रुपये आणि ८० नोकरदार सभासदांकडून ७५० रुपये घेतले तरी बेरीज तीच येते. पाऊस पडला, परीक्षा आली, चित्रपट अवघड निघाला, तरी वर्षाचा ताळमेळ बिघडत नाही. निवड करणाऱ्याला धीर येतो. बारांपैकी तीन चित्रपट कोणालाच न आवडण्याची मुभा त्याला मिळते, आणि त्या तिघांतलाच एखादा दहा वर्षांनी सभासदांच्या आठवणीत उरतो.

म्हणजे वर्गणी ही केवळ पैसे गोळा करण्याची सोय नाही. जे अजून पाहिले नाही, त्यावर आगाऊ ठेवलेला तो विश्वास आहे. सिनेमागृहातला प्रेक्षक माहीत असलेली वस्तू विकत घेतो. सोसायटीचा सभासद माहीत नसलेली वस्तू विकत घेण्यास तयार होतो. हा फरक ज्या गावात लोकांना पटतो तेथे असा उपक्रम टिकतो. या चळवळीला पुढे उतरती कळा लागली, तिचाही उलगडा येथे होतो. सभासदांना सेन्सॉरची कात्री न लागलेले चित्रपट पाहता येत, म्हणून काही मंडळी त्याच आशेने वर्गणी भरीत. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट घरोघर आल्या आणि असे सभासद गळाले. त्यांचा विश्वास नव्हताच, होती ती केवळ अपेक्षा.

४. भाषेची अडचण आणि चित्राची भाषा

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खरी अडचण पैशाची नाही, उपशीर्षकांची आहे. पडद्याखाली इंग्रजी वाक्ये भराभर सरकतात. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची नजर ती वाक्ये पुरी करण्यात गुंतते आणि चित्र निसटते. कन्नड माध्यमातल्या मित्रांचीही तीच तक्रार असते. यावर उपाय जुनाच आहे : खेळापूर्वी दहा मिनिटे आपल्या भाषेत प्रास्ताविक करावे आणि कथानक थोडक्यात सांगून टाकावे. गोष्ट आधी कळल्याने रस कमी होतो, ही भीती फोल आहे. रामायणाची गोष्ट ठाऊक असूनच लोक यक्षगान आणि दशावतार पाहण्यासाठी रात्र जागवतात. जपानमध्ये मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभा राहून चित्रपट समजावून सांगणारा 'बेन्शी' असे, आणि त्याच्या नावावर लोक गर्दी करीत.

गोष्ट हातात असली की डोळे चित्राकडे वळतात. याचा पडताळा म्हणून व्हित्तोरिओ द सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) घेऊ. महायुद्धानंतरच्या रोममधील एका बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते. अट एकच, की सायकल हवी. सायकल तर गहाण पडलेली. बायको घरातल्या पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी, तो शिडीवर उभा राहून जाहिरात चिकटवीत असताना, सायकल चोरीला जाते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे बाप आणि त्याचा लहान मुलगा यांनी शहरभर केलेला तिचा शोध.

या चित्रपटातले गहाणवटीच्या पेढीचे दृश्य पाहा. पेढीचा नोकर या बाईच्या चादरींचे गाठोडे घेतो आणि ते ठेवण्यासाठी मांडणीवर चढू लागतो. तो चढतो, आणखी चढतो. आणि वरपर्यंत चादरींची गाठोडीच गाठोडी रचलेली आपल्याला दिसतात. एकही शब्द उच्चारला जात नाही. परंतु या एका घराची नड म्हणजे साऱ्या शहराची नड आहे हे त्या मांडणीने सांगितलेले असते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण बेकारीची व्याख्या पाठ करतो. श्रम आहे, काम आहे, पण साधन नाही म्हणून श्रमाला मोल नाही, ही गोष्ट त्या सायकलीवाचून मला इतकी स्पष्ट कळली नसती. हे समजायला इटालियन येण्याची गरज नाही, आणि इंग्रजीचीही फारशी नाही.

दुसरे उदाहरण अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'चे (१९५०). जंगलात एका सामुराईचा मृत्यू होतो. दरोडेखोर, सामुराईची पत्नी, माध्यमाच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई आणि एक लाकूडतोड्या असे चौघे त्या घटनेची हकिकत सांगतात, आणि चारही हकिकती जुळत नाहीत. एकाच व्यवहाराच्या चार वह्यांत चार नोंदी! हिशेबनीस असता तर त्याने खोटी वही शोधून काढली असती. चित्रपट मात्र तो निकाल देत नाही. प्रत्येकाने आपल्या हकिकतीत स्वतःची अब्रू राखली आहे, एवढेच तो दाखवतो.

५. आपल्याकडे याची गरज का?

हा लेख ज्या अंकात छापला जात आहे त्याचे दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. एकाच बाकावर बसणारे आपण अंक हाती आला की आपापला विभाग उघडतो. सीमाभागात एकाच घटनेच्या दोन हकिकती ऐकत आपण लहानाचे मोठे झालो आहोत. येथे मराठी चित्रपट म्हटला की तो मराठी मुलांचा, कन्नड म्हटला की कन्नड मुलांचा. पडदाही वाटून घेतलेला असतो. जपानी किंवा इटालियन चित्रपट मात्र दोघांनाही सारखाच परका, आणि म्हणूनच दोघांनाही सारखाच जवळचा होऊ शकतो. 'राशोमोन' एकत्र पाहिल्यानंतर होणारी चर्चा आपल्या गावात जितकी रंगेल तितकी महानगरातही रंगणार नाही, असे मला वाटते.

शिवाय त्या परक्या चित्रपटाच्या वाटेने आपण एकमेकांच्या चित्रपटापर्यंतही पोहोचू. १९७० च्या 'संस्कार'ने कन्नडमध्ये आणि १९७१ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ने मराठीत जवळजवळ एकाच वेळी नवी वाट धरली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? भैरप्पांची 'वंशवृक्ष' ही कादंबरी मराठी वाचकांना दिली ती बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी. तिच्यावरचा गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंत यांचा कन्नड चित्रपट मात्र आपण पाहिलेला नसतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा गिरीश कासरवळ्ळींचा 'घटश्राद्ध' (१९७७) हेग्गोडूच्याच जिल्ह्यातील दिग्दर्शकाचा. वाचनाच्या बाबतीत जो पूल बांधला गेला आहे तो पडद्याच्या बाबतीत बांधायचा राहिला आहे.

कोणी म्हणेल, आता हातातल्या फोनवर जगातले चित्रपट मिळतात, मग सभागृह कशाला? चित्रपट मिळतो हे खरे. परंतु तो एकट्याने पाहिला जातो, कंटाळा आला की मध्येच बंद केला जातो, आणि त्यावर बोलायला शेजारी कोणी नसते. हेग्गोडूत जे घडले ते फितीमुळे थोडे आणि फीत संपल्यावर दिवे लागत तेव्हा बसून राहणाऱ्या माणसांमुळे जास्त घडले. फिती गेल्या, प्रोजेक्टर बदलले. बसून राहणारी माणसे तयार करण्याचे काम मात्र अजून तसेच आहे.

कायद्याची अडचणही वाटते तितकी मोठी नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार, शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरताच प्रेक्षकवर्ग असेल तर चित्रपट दाखवल्याने हक्कभंग होत नाही. शिवाय आपल्या देशात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. वर उल्लेखिलेले 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन' आणि 'पथेर पांचाली' ही मुदत ओलांडून गेले आहेत. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवर किंवा उपशीर्षकांवर कोणाचा हक्क आहे काय एवढे पाहून घ्यावे, आणि नवा चित्रपट गावातल्या लोकांना दाखवायचा झाल्यास निर्मात्याची रीतसर परवानगी घ्यावी.

तेव्हा प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रांपुढे माझी सूचना अशी आहे. येत्या वर्षी आपल्या महाविद्यालयात सहा चित्रपटांची मालिका सुरू करावी. प्रारंभ चॅप्लिनच्या 'द किड'ने (१९२१) करावा, कारण तो मूकपट असल्याने भाषेचा प्रश्नच उरत नाही. त्यानंतर 'बायसिकल थीव्ज', 'पथेर पांचाली', 'राशोमोन', आणि शेवटी एक कन्नड व एक मराठी चित्रपट घ्यावा. कन्नड चित्रपटाचे प्रास्ताविक मराठी विद्यार्थ्याने करावे आणि मराठी चित्रपटाचे कन्नड विद्यार्थ्याने. सभागृह आपलेच, प्रोजेक्टर वर्गात आहेच. म्हणून वर्गणी अगदी थोडी ठेवावी, पण ती पूर्ण वर्षाची आणि आगाऊ घ्यावी. फुकट ठेवू नये. फुकट मिळालेल्या खेळाला माणूस पाहुणा म्हणून येतो. वर्गणी भरली की तो यजमान होतो, आणि खुर्च्या मांडायलाही तोच पुढे येतो. जमाखर्चाची वही लिहिण्याचे काम वाणिज्य शाखेने आनंदाने पत्करावे.